आकडा खरा कशावरून?

२९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. त्याच दिवशी सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश होते. भारतीय हवामान विभागाने प्रमाणित उपकरण नेऊन तुलना केली, तेव्हा मुंगेशपूरचा सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. उन्हाळ्यात मैदानावर परेड घ्यायची की नाही, हे ज्या आकड्यावर ठरते, तो तपासलेलाच हवा.

सुट्टीत आर. के. पुरममधील आमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर बाबांच्या मदतीने मी वायरलेस हवामान केंद्र बसवले. बाहेरच्या भागात तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजणारे सेन्सर असतात. ते रेडिओ लहरींनी घरातील पडद्याला माहिती पाठवतात. हवेचा दाब पडद्याच्या यंत्रातच मोजला जातो.

जागा : नियमाप्रमाणे तापमापक मोकळ्या, गवताळ जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, सावलीत, पण खेळत्या हवेत हवा. क्वार्टरमध्ये अशी जागा मिळत नाही. म्हणून पांढऱ्या झडपांचे आवरण असलेला सेन्सर गच्चीवर खांबाला लावला. पाण्याची टाकी आणि एसीचे बाहेरचे यंत्र यांपासून तो दूर ठेवला. तरीही सिमेंटची गच्ची तापते, म्हणून दुपारचा आमचा आकडा गच्चीचा आहे, आर. के. पुरमचा नव्हे, हे वहीत लिहून ठेवले.

रेडिओ : भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. अमेरिकेसाठी बनवलेले ९१५ मेगाहर्ट्झचे यंत्र मागवू नये. खोक्यावरचे अंतर मोकळ्या मैदानातले असते. स्लॅब आणि भिंतींमुळे ते बरेच कमी होते.

दिशा : वाऱ्याच्या सेन्सरवरील उत्तरेची खूण होकायंत्राने जुळवावी. दिल्लीत चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत फरक थोडाच आहे. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती.

पडताळणी : रायफल झिरो केल्याशिवाय आपण नेमबाजीचे गुण धरत नाही. सेन्सरचेही तसेच.

१. आर्द्रता : मीठ थोड्या पाण्यात ओलसर करून ते आणि सुटा सेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावा. मीठ सेन्सरला लागू देऊ नये. सकाळी सुमारे ७५ टक्के दिसले पाहिजेत.

२. पाऊस : पर्जन्यमापक पाणसळ लावून समपातळीत बसवावा. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर सावकाश ओतलेले १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस.

३. दाब : दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंच आहे. त्यामुळे येथील प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीच्या दाबापेक्षा साधारण २५ हेक्टोपास्कलने कमी असतो. हवामान वार्तापत्रात समुद्रसपाटीचा दाब देतात, म्हणून पडद्यावर तेवढी दुरुस्ती करावी.

४. तापमान : रोज पहाटे सफदरजंगच्या आकड्याशी तुलना करून फरक लिहावा. फरक रोज सारखा असेल तर तो जागेचा किंवा सेन्सरचा. अचानक वाढला तर आधी बॅटरी आणि आवरणातील धूळ पाहावी.

यंत्र खांबावर चढवायला एक सकाळ पुरली, पडताळणीला आठवडा लागला. शाळेतही असे केंद्र बसवता येईल. नोंदी आणि पडताळणी कॅडेट्सनी आळीपाळीने करावी. मग उन्हाच्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या तापमानाखाली एक ओळ लिहिता येईल : 'शेवटची तपासणी' आणि तिची तारीख.