सोळा आणि अठरा
(आशियाई युवती बास्केटबॉल स्पर्धेचा एक अभ्यास)

बी. ए. अंतिम वर्ष

यंदा जुलै महिन्यात कॉलेजच्या नोटीस बोर्डावर मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी नावे देण्याची सूचना लागली. संघात बारा खेळाडू लागतात. पहिल्या दिवशी मैदानावर आम्ही नऊ जणी हजर होतो. त्यांतल्या सात जणी शाळेत असताना खेळलेल्या होत्या. सहज गप्पा मारताना मी प्रत्येकीला विचारले, "तू खेळणे कधी सोडलेस?" शाळा वेगवेगळ्या, गावे वेगवेगळी, कुणी मराठी माध्यमाची तर कुणी कन्नड; पण सातही जणींचे उत्तर एकच होते. दहावीला!

त्या सातांत मीही एक आहे. म्हणूनच या अंकासाठी एखादा अभ्यासलेख लिही, असे मॅडमनी सांगितले तेव्हा मी हा विषय निवडला. आशिया खंडात मुलींसाठी बास्केटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा होतात. एक सोळा वर्षांखालील मुलींची आणि दुसरी अठरा वर्षांखालील मुलींची. सोळा म्हणजे आपली दहावी आणि अठरा म्हणजे पी. यू. सी. चे दुसरे वर्ष. ज्या वयात तिकडच्या मुली देशाचा गणवेश अंगावर चढवतात, नेमक्या त्याच वयात आपल्या मुली चेंडू माळ्यावर टाकतात. या गोष्टीचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाचा जन्म आणि मुलींची रेषा

बास्केटबॉल हा खेळ हळूहळू घडत गेलेला नाही. तो एका माणसाने ठरवून तयार केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. ची शारीरिक शिक्षण देणारी संस्था होती. थंडीच्या दिवसांत विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा होता. तेथील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपली दहा फूट उंचीवर होती. आज रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते, म्हणजे तेच दहा फूट!

पुष्कळांना वाटते की मुली या खेळात फार उशिरा आल्या. तसे नाही. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, जवळच्याच स्मिथ कॉलेजातील शिक्षिका सेन्डा बेरेन्सन यांनी आपल्या विद्यार्थिनींना हा खेळ शिकवला आणि मार्च १८९३ मध्ये तेथे मुलींचा सामनाही झाला. तो पाहायला पुरुषांना प्रवेश नव्हता. परंतु मुलींना फार दमणूक सोसणार नाही, अशी त्या काळची समजूत होती. म्हणून बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग पाडले. प्रत्येक मुलीने आपापल्या भागातच खेळायचे, मधली रेषा ओलांडायची नाही. चेंडू तीन सेकंदांहून अधिक वेळ हातात ठेवायचा नाही, तीनपेक्षा जास्त टप्पे मारायचे नाहीत, दुसरीच्या हातून तो हिसकावून घ्यायचा नाही.

बेरेन्सन यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी हे नियम केले नसते तर त्या काळात मुलींना कदाचित खेळूच दिले नसते. पण गंमत अशी की एकदा आखलेली रेषा लवकर पुसली जात नाही. अमेरिकेत मुलींसाठी संपूर्ण मैदानाचा, पाच जणींचा खेळ अधिकृत व्हायला १९७१ साल उजाडले. आयोवा राज्यातील शाळांत तर सहा जणींचा, अर्ध्या मैदानाचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल १९३६ साली आले, महिलांचे १९७६ साली मॉन्ट्रियलला. मध्ये चाळीस वर्षे गेली!

आशियातील स्पर्धा

आशियात महिलांची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९६५ साली दक्षिण कोरियात सोल येथे झाली. अठरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा १९७० च्या दशकापासून चालत आलेली आहे. सोळा वर्षांखालील स्पर्धा मात्र अलीकडची. २०१० साली फ्रान्समध्ये सतरा वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा भरायची होती. तिला आशियातून कोणते संघ पाठवावेत, हे ठरवण्यासाठी सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा सुरू झाली. पहिली स्पर्धा कोठे झाली असेल? आपल्या पुण्याला! २००९ सालच्या अखेरीस आशियातील मुली पुण्यात खेळून गेल्या आणि आमच्या वर्गातील एकाही मुलीला हे ठाऊक नव्हते.

त्यानंतर बंगळूरचा क्रमांक लागतो. २०१७ साली सोळा वर्षांखालील आणि २०१८ व २०२२ साली अठरा वर्षांखालील स्पर्धा बंगळूरला झाल्या.

स्पर्धेची रचना समजून घेण्यासारखी आहे. संघांचे दोन विभाग असतात, 'अ' आणि 'ब'. बलाढ्य आठ संघ 'अ' विभागात, बाकीचे 'ब' विभागात. 'ब' विभाग जिंकणारा संघ पुढच्या वेळी 'अ' विभागात चढतो आणि 'अ' विभागात शेवटचा आलेला खाली उतरतो. 'अ' मधील पहिले चार संघ पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेस पात्र ठरतात. सोळा वर्षांखालील संघ सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेला जातात आणि अठरा वर्षांखालील संघ एकोणीस वर्षांखालील स्पर्धेला. अशा रीतीने ही एक शिडीच आहे. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देशही आशियाच्या स्पर्धांत खेळू लागले, त्यामुळे वरच्या पायऱ्या आणखी उंच झाल्या. त्या वर्षी सोळा वर्षांखालील स्पर्धेत पहिल्याच प्रवेशात ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी अजिंक्यपद मिळवले.

वयाचा नियम मात्र अगदी कडक. वय जन्मसालावरून मोजतात. २०१७ च्या स्पर्धेत खेळायला मुलगी १ जानेवारी २००१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली हवी होती. एकदा ते वर्ष गेले की गेले. पुरवणी परीक्षेची सोय येथे नाही.

मी पाहिलेले सामने

२०१७ ची ती स्पर्धा मी पाहिली आहे. तेव्हा मी आठवीत होते. दिवाळी नुकतीच झाली होती. भाऊबीज आटोपून आमच्या शाळेचा संघ सरांबरोबर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीचा निघाला. डब्यात सगळ्यांचे फराळाचे डबे उघडले होते. सकाळी बंगळूरला उतरलो.

स्टेडियममध्ये पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरले ते लाकडी मैदान. आम्ही सिमेंटवर खेळणाऱ्या. पडलो की गुडघे सोलून निघत. येथे मुली चेंडूसाठी बेधडक सूर मारत होत्या. मला वाटले होते, परदेशी मुली सगळ्याच ताडमाड असतील. काही होत्याही. पण जपानच्या संघात माझ्या मोठ्या बहिणीएवढ्याच उंचीच्या मुली पाहून मी सरांना म्हणाले, "सर, या तर आपल्यासारख्याच आहेत!" सर म्हणाले, "रिंगकडे बघू नकोस. त्यांच्या पायांकडे बघ आणि आवाज ऐक."

सरांचे ते वाक्य हाच माझा बास्केटबॉलचा खरा धडा. नवा प्रेक्षक चेंडूमागे डोळे फिरवतो. पण चेंडू एकीच्याच हातात असतो. बाकीच्या नऊ जणी त्या वेळी काय करतात, यात खेळ असतो. रिंगवर आपटून परत येणारा चेंडू, म्हणजे रिबाउंड, उंच मुलीलाच मिळतो असे नाही. जी आधी पाठ लावून प्रतिस्पर्धी मुलीला अडवते, तिला तो मिळतो. चेंडू गेला की जी पहिल्या तीन पावलांत मागे वळते, ती पुढचा बास्केट वाचवते. आणि संरक्षण करताना संघ सतत बोलत राहिला पाहिजे. पाठीमागून कोण येत आहे, हे जिला दिसते तिने जिला दिसत नाही तिला सांगायचे. जपानच्या मुलींचे बोलणे मला एक अक्षरही कळत नव्हते, पण त्या क्षणभरही गप्प नव्हत्या.

परत आल्यावर आम्हीही बोलून खेळू लागलो. आमच्या संघात निम्म्या मुली कन्नड बोलणाऱ्या. त्या "हिंदे, हिंदे!" असे ओरडत, तर आम्ही "मागे, मागे!" पहिले काही दिवस घोटाळा झाला. पुढे मीसुद्धा "हिंदे" असेच ओरडू लागले, कारण तो शब्द तोंडातून लवकर सुटतो! आजही मैदानावर माझ्या तोंडी तोच शब्द येतो.

शेवटच्या दिवसापर्यंत थांबायला आमच्याजवळ पैसे नव्हते. भारताच्या मुलींनी 'ब' विभाग जिंकला आणि त्या 'अ' विभागात चढल्या, हे आम्हाला परत आल्यावर कळले. सरांनी ते प्रार्थनेच्या वेळी सांगितले. त्याच वर्षी जुलैमध्ये, बंगळूरलाच, महिलांच्या आशिया चषकात भारताने 'ब' विभागाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले होते. फक्त दोन गुणांनी! त्या संघात चेन्नईची अनिता पॉलदुराई होती, पुण्याची शिरीन लिमये होती. अनिताने २००१ ते २०१७ या काळात नऊ आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत भाग घेतला. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे तिच्या या प्रवासाची सुरुवातही दहावी-बारावीच्याच वयातली.

उंचीचा प्रश्न

आपल्या मुली ठेंगण्या, त्यांना हा खेळ कसा जमणार, असे आपल्याकडे नेहमी म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर टोकियो ऑलिंपिकमध्ये मिळाले. २०२१ साली झालेल्या त्या स्पर्धेत जपानच्या महिलांनी रौप्यपदक मिळवले. अंतिम सामन्यात अमेरिकेने त्यांना ९०–७५ असे हरवले. त्या संघाची रुई माचिदा ही खेळाडू अवघी १६२ सेंटीमीटर उंच, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपास. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिने अठरा वेळा आपल्या मैत्रिणींना असे पास दिले की त्यावर थेट बास्केट झाले. हा ऑलिंपिकचा विक्रम ठरला.

माचिदाला जे दिसते ते उंचीमुळे नव्हे. कोण कोठे पोहोचणार आहे, हे आधीच ओळखण्याची नजर वर्षानुवर्षे खेळूनच येते. ती मध्येच दोन-तीन वर्षे बंद ठेवता येत नाही. हे मी अनुभवाने सांगते. जून २०१९ मध्ये मी दहावीत गेले तेव्हा आजी म्हणाली, "पुरे आता त्या उड्या. पुस्तकं काढ." बाबांनी चेंडू माळ्यावर ठेवला. "वर्षभराचाच प्रश्न आहे," असे ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण परीक्षेआधीच करोना आला, मैदाने बंद झाली, मग पी. यू. सी. ची दोन वर्षे अभ्यासात गेली. २०२२ साली येथे बी. ए. ला आल्यावर मी पुन्हा चेंडू हातात घेतला. ड्रिबल आठ दिवसांत परत आले, ले-अप महिन्याभरात. पण मोकळी मैत्रीण मला पूर्वी जेव्हा दिसायची त्यापेक्षा अर्धा क्षण उशिरा दिसते. तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याचा हात मध्ये आलेला असतो. तो अर्धा क्षण मला अजून परत मिळालेला नाही.

आणि गुणांचे म्हणाल, तर मला दहावीला जेवढे मिळायचे तेवढेच मिळाले. न खेळण्याने ते वाढले, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

समारोप

वाचकहो, प्रत्येक मुलीने देशासाठी खेळावे, असे माझे म्हणणे नाही. ते शक्यही नाही. परंतु आशियाई स्पर्धेचा अभ्यास करताना एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. बारा मुलींचा संघ बारा मुलींतून तयार होत नाही; हजारो मुली सोळाव्या आणि अठराव्या वर्षी खेळत असाव्या लागतात, तेव्हा त्यांतून बारा निघतात. आमच्याकडे दहावीच्या जूनमध्येच मैदान रिकामे होते. बेरेन्सनबाईंच्या काळातील मैदानावरच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या. ही एक रेषा मात्र आपण घराघरांतून अजून आखत आहोत.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. आपल्या मैदानावर आठवड्यातून तीन संध्याकाळी जवळच्या शाळांतील नववी-दहावीच्या आणि पी. यू. सी. च्या मुलींना आमच्याबरोबर खेळू द्यावे. आम्ही त्यांना शिकवू आणि अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचवण्याची जबाबदारीही घेऊ. दुसरी सूचना पालकांना. दिवसातला एक तास, फक्त एकच तास, दहावीच्या वर्षीही मुलीच्या हाती ठेवा.

माझी धाकटी बहीण यंदा दहावीत आहे. जूनमध्ये घरात पुन्हा तोच विषय निघाला. या वेळी मी जपानच्या मुलींची गोष्ट बाबांना सांगितली, माझ्या अर्ध्या क्षणाचीही सांगितली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. रविवारी त्यांनी स्वतः शिडी लावून माळ्यावरचा चेंडू काढला. त्यातली हवा पार गेली होती. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानातून तो भरून आणला आणि बहिणीला म्हणाले, "साडेपाच ते साडेसहा. साडेसहाला घरात."

ती रोज सहा पस्तीसला येते. अजून कुणी काही बोललेले नाही.