जहाजाचं इंजिन आणि गोकुळ शिरगावची भट्टी

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. सायली हिस,


तुझं पत्र पोचलं. जहाजांची महाकाय डिझेल इंजिनं बनवण्याच्या कामात तुला जायचंय, हे वाचून फार आनंद झाला. मात्र त्यासाठी पुण्यातली डिझाइनची नोकरी धरावी आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ट्रेनी म्हणून मिळालेली जागा सोडावी, हे जे तू जवळजवळ ठरवून टाकलंयस, ते मला पटत नाही. ही इंजिनं करायची असतील तर सुरुवातीची तीन-चार वर्षं भट्टीपाशीच काढ. असं का म्हणतो, ते नीट वाच आणि मग ठरव.

2006 साली एम्मा मर्स्क हे कंटेनर जहाज पाण्यात आलं. त्याचं इंजिन चौदा सिलिंडरचं, वजन 2,300 टन, ताकद 80 हजार किलोवॉट, आणि वेग मिनिटाला जेमतेम शंभर फेरे. एकटा क्रँकशाफ्टच 300 टनांचा. अशा इंजिनांची डिझाइनं मुख्यतः दोन गावांतून निघतात, डेन्मार्कमधलं कोपनहेगन आणि स्वित्झर्लंडमधलं विंटरथूर. इंजिनं मात्र बनतात कोरियात उल्सान आणि चांगवॉनला, जपानात तामानोला, चीनमध्ये डालियनला. ड्रॉइंग लायसन्सवर मिळतं आणि लायसन्स घेणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळतं. तरीही असं इंजिन उभं करू शकणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. म्हणजे कागदावर न उतरणारं काहीतरी त्यांच्याकडे आहे. अवाढव्य क्रेन आणि मशिनं लागतातच, पण ती विकत मिळतात. विकत मिळत नाही ते त्या जाडीच्या आणि त्या वजनाच्या धातूचं वागणं ओळखणं.

क्रँकशाफ्टचंच बघ. एवढा मोठा शाफ्ट अखंड घडवता येत नाही. क्रँकचे भाग वेगळे फोर्ज करतात, मधले जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे दंडगोल, वेगळे, आणि मग बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो तसं एकात एक बसवतात. क्रँकचं भोक जर्नलच्या व्यासापेक्षा साधारण सहाशेव्या भागाने लहान ठेवलेलं असतं. 900 मिलिमीटरच्या जर्नलला हा फरक सुमारे दीड मिलिमीटरचा. तो भाग तापवून भोक फुलवायचं, जर्नल आत सोडायचा आणि निवू द्यायचं. चावी नाही, पिन नाही. हजारो अश्वशक्तीचा पीळ तो जोड निव्वळ पकडीवर पेलतो. फरक कमी ठेवला तर जोड घसरेल, जास्त ठेवला तर निवताना धातूवरच ताण येईल, आणि तापमान हाताबाहेर गेलं तर पोलादाचा गुणच बदलेल. सांध्यावर दोन्ही भागांना मिळून एक रेघ कोरलेली असते. पुढे जहाज चालू लागलं की तपासणीला क्रँककेसमध्ये उतरणारा इंजिनिअर ती रेघ अजून सरळ आहे ना, हे बघतो.

ओतकामात तर हे ज्ञान आणखी कसाला लागतं, आणि तिथेच तुझ्या फौंड्रीचा संबंध येतो. ट्रॅक्टरच्या ब्लॉकची भिंत पातळ असते, ती पटकन गोठते. मोठ्या इंजिनाचा लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, जाडजूड, तो सावकाश निवतो. सावकाश निवलेल्या लोखंडात ग्राफाइटच्या पाकळ्या जाड होतात आणि ताकद उतरते. त्यामुळे एकाच भट्टीतलं, एकाच रसायनाचं लोखंड पातळ साच्यात एक निघतं आणि जाड साच्यात दुसरंच. लायनरला तर दोन्ही हवं: पिस्टन रिंगला तेल धरून ठेवायला ग्राफाइट हवं आणि झिजू नये म्हणून कठीणपणाही हवा. हा मेळ घालायचा तर कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण जाडीप्रमाणे बदलावं लागतं, मिश्रधातू घालावे लागतात, रायझर, म्हणजे गोठताना जादा रस पुरवणारा कप्पा, कुठे ठेवायचा याचा अंदाज यावा लागतो. संगणकावरचं सिम्युलेशन आता यात चांगली मदत करतं. पण त्याला आकडे कुठले द्यायचे, आणि उत्तर चुकीचं आलंय हे ओळखायचं कसं, हे ज्याने कापलेल्या रिजेक्ट कास्टिंगमधला ब्लोहोल आणि आकसून पडलेली पोकळी डोळ्यांनी निरखली आहे त्यालाच कळतं. पॅटर्नवाला दर मीटरला आठ-दहा मिलिमीटर वाढवून का धरतो, हे त्याच्या शेजारी बसून शीक.

तू म्हणशील, हे सगळं कोरियातल्या माणसासाठी ठीक, कोल्हापुरात असलं इंजिन कोण करणार? खरं आहे. 300 टनांचा शाफ्ट सह्याद्रीचा घाट उतरवून बंदरावर नेता येणार नाही; हे कारखाने पाण्याकाठी आणि बहुधा जहाजबांधणीच्या आसऱ्याने वाढले. पण त्याच्या खालच्या पायरीवरची मध्यम वेगाची इंजिनं आपल्या आवाक्यात आहेत. 1946 साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने फ्रान्सच्या पीलस्टिक इंजिनांचं लायसन्स घेऊन नौदलासाठी इंजिनं केली. कामोर्टा वर्गाच्या चारही युद्धनौकांवर ती आहेत. एप्रिल 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने याच कंपनीला 6 मेगावॉटचं सागरी इंजिन स्वतःच्या डिझाइनने घडवायचं काम दिलं. खर्च 270 कोटी, त्यातले 70 टक्के सरकारचे, आणि देशी वाटा निम्म्याहून जास्त. कंपनीचा एक कारखाना आपल्या कागलला आहे, हे तुला ठाऊकच आहे. उरलेला वाटा देशात आणायचा तर जाड, भरवशाची कास्टिंग करणारे लोक लागतील. कोरियानेही आधी दुसऱ्यांची इंजिनं लायसन्सवर केली, आणि 2000 च्या सुमारास ह्युंदाईचं हिमसेन हे स्वतःचं मध्यम वेगाचं इंजिन आलं. आधी हात बसला, मग डिझाइन आलं. आपल्या गावातही बाबूराव पेंटरांनी देशी सिनेकॅमेरा तयार केला तो परदेशी यंत्र समजून घेऊन, स्वतः भाग घडवत. 

दुसरी शंका तू पत्रात घातलीच आहेस: डिझेलचेच दिवस भरत आले, मग एवढं शिकून काय उपयोग? 2023 मध्ये लॉरा मर्स्क हे मिथेनॉलवर चालणारं कंटेनर जहाज आलं. त्याचं इंजिन उघडलंस तर क्रँकशाफ्ट, लायनर, पिस्टन सगळं ओळखीचंच दिसेल; बदललं ते मुख्यतः इंधन आत सोडण्याचं तंत्र. अमोनियाचे प्रयोगही याच सांगाड्यावर चालू आहेत. समुद्रापारच्या लांब फेऱ्यांना पुरेल एवढी बॅटरी आज नाही. इंधन बदलेल, जाड लोखंडाची गरज राहील.

तुझ्या आईची काळजी मात्र मी बाजूला सारणार नाही. फौंड्रीत धग, धूर आणि वाळूची धूळ असते, आणि सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते. मुलगी म्हणून नको, हे मला मान्य नाही. पण धूळ ओढून घेणारी यंत्रणा नसेल आणि मास्क नुसते कपाटात ठेवलेले असतील, तर कोणीच तिथे राहू नये. पहिल्या दिवसांत पगार पुण्यापेक्षा कमी असेल, हेही धरून चाल.

म्हणून होकार देण्याआधी एकदा शॉपवर जाऊन ये. स्पेक्ट्रोमीटर चालू आहे का आणि प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक वितळणीचा, नमुना खरंच लावतात का, ते बघ. कुठलंही एक तयार कास्टिंग उचल, त्यावरचा हीट नंबर वाच, आणि त्या दिवशीचं तापमान, रसायन व ओतणाऱ्या पाळीची नोंद रजिस्टरमधून काढून दाखवा म्हण. जहाजाच्या इंजिनाच्या मुख्य भागांना वर्गीकरण संस्थेचा सर्व्हेअर हाच प्रश्न विचारतो. आपल्याकडे ते काम मुंबईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग करते. नोंद सापडली तर तिथे राहा. सापडली नाही, तर शिरोलीत आणि कागलमध्ये आणखी फौंड्र्या आहेत. त्यांची नावं कळव, आपण मिळून चौकशी करू.

ताईला व भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा