खूण नेमकी, नाव कायम

संगणकाला कळफलक, प्रिंटर, हार्ड डिस्क अशी अनेक उपकरणे जोडलेली असतात. त्यांना ओळखण्याचे व वापरासाठी उपलब्ध करून देण्याचे काम परिचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, करते. लिनस टोरवाल्डस यांनी १९९१ साली ज्याची सुरुवात केली, त्या लिनक्समध्ये बहुतेक हार्ड डिस्कना सापडण्याच्या क्रमाने नावे मिळतात : पहिली 'एसडीए', दुसरी 'एसडीबी'. मात्र हा क्रम कायम राहीलच असे नाही. आजची 'एसडीबी' उद्या 'एसडीसी' होऊ शकते. एखाद्या कार्यालयात दररोज रात्री 'एसडीबी'वर नोंदींची प्रत उतरवण्याची आज्ञा दिलेली असेल आणि क्रम बदलला, तर ती प्रत भलत्याच डिस्कवर जाईल व तेथील मोलाची माहिती पुसली जाईल.

ही अडचण दूर करण्यासाठी २००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' हा प्रोग्रॅम मांडला. २०१२ साली तो 'सिस्टिमडी' या प्रकल्पात समाविष्ट झाला. उपकरण जोडले जाताच लिनक्सचा गाभा यूडेव्हला तशी सूचना देतो. यूडेव्ह त्या उपकरणाचे गुणधर्म वाचतो आणि लिहून ठेवलेल्या नियमांशी ताडून पाहतो.

प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात : अट आणि कृती. अटीत दोन बरोबर-चिन्हे येतात; त्यांचा अर्थ 'असे आहे का?' असा होतो. कृतीत एकच चिन्ह येते. त्याचा अर्थ 'असे कर'. सर्व अटी पूर्ण झाल्या तरच कृती घडते. नियमांच्या फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात. म्हणून नावाच्या आरंभी अंक घालण्याची पद्धत आहे.

खरी कसोटी अट निवडण्यात असते. केवळ निर्मात्याचा क्रमांक दिला, तर त्याच कंपनीच्या दोन डिस्क एकाच नावावर हक्क सांगतात. जुळ्या भावांना आडनावाने हाक मारली, तर दोघेही वळून पाहणारच! म्हणून डिस्कचा स्वतःचा अनुक्रमांक अटीत घालावा आणि कृतीत 'नोंदप्रत' असे एखादे अर्थपूर्ण जोडनाव द्यावे. मूळ नाव बदलले, तरी हे जोडनाव योग्य डिस्ककडेच नेते.

नियम यंत्रासाठी लिहिला, तरी त्यातील नेमकेपणा माणसालाच आणावा लागतो. नियमातील संदिग्धता यंत्राला कळत नाही; तिचे परिणाम मात्र माणसाला भोगावे लागतात.

स्वाध्याय
१. क्रमानुसार मिळालेल्या नावावर विसंबणे धोक्याचे का ठरते?
२. नियमातील अट आणि कृती यांतील फरक स्पष्ट करा.