यादीत नाव होतं म्हणे

"मॅडम, ती यादी पेन्शनची आहे, पुराची नाही."

कार्यालयातून फोनवर हे ऐकलं तेव्हा पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं. सांगली, गावभाग, ऑगस्ट २०१९. जूनमध्येच मी त्या कार्यालयात दादाचं नाव, पत्ता, ‘उठता-बसता येत नाही’ सगळं लिहून दिलं होतं. "नोंद झाली, काळजी करू नका," म्हणाले. मी खरंच केली नाही. शेजारचे अजून मलाच बोलतात.

दुसऱ्या दिवशी बोट आली. त्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. "खुर्ची नको, माणूस द्या," म्हणाले. ब्रह्मनाळला आदल्याच दिवशी बोट उलटली होती, त्यांचंही बरोबर होतं. पण मी तोंड उघडायच्या आत एकानं दादाला काखेत हात घालून उचललं. स्नायूंच्या आजारात खांदा असा ओढला तर निखळू शकतो. दादा ओरडला. मग चादरीची झोळी करून चौघांनी नेलं, मान मी धरली. दीड वर्ष पैसे साठवून घेतलेली बॅटरीची खुर्ची पाण्यात राहिली.

निवारा म्हणजे शाळा. संडासाला दोन पायऱ्या, आत धरायला काही नाही. दादाला पाणी विचारलं की "तहान नाही गं." तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ फुटलेले दिसले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संडासला न्यावं लागू नये म्हणून तो पाणीच पीत नव्हता. तेवढ्यात ब्लँकेटवाटपाचे फोटो काढायला आलेले साहेब विचारतात, "तुम्ही आधीच का नाही निघालात?"

तर आधीच निघा. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका. आपली माणसं पंचेचाळिसाची वाट बघतात, त्या वर्षी तर पाणी ५७ च्या वर गेलं. घरात न चालणारं माणूस असेल तर चाळिसाच्या आत घर सोडायचं. कोयना धरणाचा विसर्ग वाढला की बॅग भरा. गोळ्या पंधरा दिवसांच्या. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, हे सगळेच सांगतात. कमोडची घडीची खुर्ची मात्र कुणी सांगत नाही, ती आधी घ्या. कसं उचलायचं, कुठे हात लावायचा नाही, हे पुठ्ठ्यावर ठळक लिहून गळ्यात अडकवा. गडबडीत तुमचं कोण ऐकतं? गल्लीतल्या दोन-तीन पोरांना उन्हाळ्यातच एकदा उचलून दाखवा.

आणि तोंडी नोंदीवर विश्वास ठेवू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ८: जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवणं आणि धोक्याची खबर त्यांना देणं, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं काम आहे. मला हे खुर्ची गेल्यावर कळलं. अर्जात कलम लिहा, आवक क्रमांकासह पोच घ्या, धोक्याचा फोन कोण करणार ते विचारा.

मी पोच घेतली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढलं, फोन नाहीच. आम्ही चाळिसाच्या आतच मिरजेला मावशीकडे गेलो होतो. पूर ओसरल्यावर आला एकदाचा फोन: दादाचा हयातीचा दाखला जमा करायचा राहिलाय म्हणे.