शर्यतीचा ट्रक थांबतो कसा?

ट्रकची शर्यत म्हटलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळतो?" युरोपातल्या शर्यतींचे व्हिडिओ मुलं मोबाईलवर बघतातच. घर्षण आणि ऊर्जा शिकवताना त्यांचाच उपयोग करता येतो. फक्त प्रश्न थोडा वळवायचा : एवढं मोठं धूड थांबतं कसं?

आधी ट्रकची तयारी सांगा. शर्यतीत मागचा ट्रेलर नसतो, ओढणारा पुढचा भाग तेवढा पळतो. केबिनमधला बिछाना, जादा सीट काढून टाकतात आणि आत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवतात, म्हणजे ट्रक उलटला तरी चालक चेपत नाही. इंजिन मागे सरकवून शक्य तितकं खाली बसवतात, त्यामुळे वळणावर गाडी कलंडत नाही. (गुरुत्वमध्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.) ताकद १००० अश्वशक्तीच्या वर जाते, पण वेगाला मात्र १६० किमीची मर्यादा असते. ती ओलांडली की दंड. आपल्याकडेही २३ मार्च २०१४ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर टाटा प्रायमाचे १२ ट्रक धावले. तेव्हा चालक परदेशी होते. २०१६ मध्ये प्रशिक्षण घेतलेले आपले ट्रकचालकही उतरले.

आता ब्रेक. साधारण साडेपाच टनांचा ट्रक ताशी १६० किमी वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा होते जवळपास ५४ लाख ज्यूल. सूत्र वरच्या वर्गातलं आहे, तेव्हा आकडेमोड आपण करायची आणि मुलांना फक्त बादली दाखवायची. नळाचं १८ लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढी ही ऊर्जा! चुलीवर त्याला किती वेळ लागतो ते घरी विचारून या म्हणावं. शर्यतीत पूर्ण थांबायचं नसतं, तरी वळणाआधी यातली बरीचशी ऊर्जा काही सेकंदांत ब्रेकच्या डिस्कमध्ये उतरते. डिस्क लाल होऊ शकते.

म्हणून या ट्रकवर पाण्याची टाकी असते आणि ब्रेकवर पाणी फवारतात. पाण्याची वाफ होताना ते खूप उष्णता घेऊन जातं. वरची सगळी ऊर्जा शोषायला जेमतेम दोन लिटरच्या वर पाण्याची वाफ पुरते. व्हिडिओत चाकांपाशी दिसणारा पांढरा ढग मुलांना धूर वाटतो. ती वाफ असते. इंजिनाचा काळा धूर दिसला तर उलट शिक्षा होते.

इथे थांबू नका. वर्गात कुणाचे तरी वडील, काका ट्रकवर असतातच. ४० टनांचा भरलेला ट्रक बोरघाटासारखा साधारण ५०० मीटर उंचीचा घाट उतरतो, तेव्हा जी ऊर्जा रोखायची असते ती शर्यतीच्या त्या एका ब्रेकच्या छत्तीस पट भरते. आणि या ट्रकला पाण्याची टाकी नसते. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ड्रम तापून फुगतो, लायनर नीट टेकत नाही, जळका वास येतो आणि पायाखालचा ब्रेक लागेनासा होतो. म्हणून जुने चालक चढाला जो गिअर लागतो तोच उताराला ठेवतात, इंजिनच गाडी धरून ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये टाकलं की ही धरपकड सुटते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. मुलांनी हे घरी विचारावं, चालक पालकांना एक दिवस वर्गात बोलवावं. ते आपल्यापेक्षा छान सांगतात.

कृतीसाठी सायकल पुरे. उभ्या सायकलचं मागचं चाक पेडलने जोरात फिरवायचं आणि ब्रेक हलका दाबून धरायचा, असं मिनिटभर. मग चाक पूर्ण थांबल्यावर हाताची पाठ रिमच्या जवळ न्यायची. बोट लावू देऊ नका, आणि चाक फिरत असताना तर हात लांबच.