शुगी बेनबरोबर सोळा रात्री

डग्लस स्टुअर्टची ‘शुगी बेन’ ही कादंबरी माझ्या कपाटात दोन वर्षं पडून होती. २०२० साली तिला बुकर मिळालं तेव्हा हौसेनं आणली आणि वीस पानांनंतर मिटून ठेवली. विषय ठाऊक होता. ऐंशीच्या दशकातलं ग्लासगो, दारूत बुडत चाललेली आई अ‍ॅग्नेस आणि तिला सांभाळणारा तिचा धाकटा मुलगा शुगी. लालबागच्या चाळीत माझे बाबाही प्यायचे. हे पुस्तक आपल्याच्यानं वाचून व्हायचं नाही, असं वाटलं. गेल्या पावसाळ्यात ते अखेर वाचलं. सोळा रात्री लागल्या. त्यातून जे हाती आलं ते लिहून ठेवते आहे.

१. बाटलीआधी पैशाकडे बघावं. पहिल्या खेपेला मी पानोपानी फक्त दारू शोधत होते. दुसऱ्या खेपेला अ‍ॅग्नेसचा आठवडा दिसला. सोमवारी मुलांच्या नावचा भत्ता, मंगळवारी बेकारभत्ता, आणि उरलेले दिवस कसेबसे ढकलायचे. कॅटलॉगमधून हप्त्यानं घेतलेल्या वस्तू, मीटरमधली नाणी काढून भागवलेली तहान. पोराला आठवड्याचे वार शिकवावे लागत नाहीत. आईच्या चेहऱ्यावरून त्याला ते कळतात. आमच्याकडे वाराऐवजी तारीख होती. पगाराच्या दहा तारखेला आई गिरणीच्या गेटवर जाऊन उभी राहायची. बाबांच्या आधी पाकीट तिच्या हातात पडलं, तर वाण्याच्या वहीतला आकडा खाली यायचा. ती उशिरा पोचली, तर महिना संपेपर्यंत तो वाढत राहायचा.

२. माणसाच्या कामाचं काय झालं, ते विचारावं. अ‍ॅग्नेसचा नवरा तिला पिटहेड नावाच्या खाणवस्तीत आणून सोडतो. कोळसा बंद पडत चाललेला, भोवती खाणीच्या कचऱ्याचे काळे ढिगारे, पुरुष रिकामे. थॅचरबाईंच्या काळातला स्कॉटलंड. खाणकामगारांचा वर्षभराचा संप १९८४च्या मार्चमध्ये सुरू झाला. आमचा गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. काम गेलं म्हणून माणूस पितो, इतकं सरळ गणित मात्र नसतं. अ‍ॅग्नेस पिटहेडला येण्याआधीपासून पीत होती आणि बाबाही संपाआधी प्यायचेच. पण संपाआधी ते शनिवारी प्यायचे. संपानंतर त्यांना शनिवार उरला नाही.

३. बोलीला घाबरू नये. ग्लासगोची बोली पानभर पसरलेली असते. मी शब्दकोश बंद केला आणि संवाद मोठ्यानं वाचले. शिव्यासुद्धा कळल्या.

४. कीव करत वाचू नये. ही गोष्ट मला अ‍ॅग्नेसनं शिकवली. घरात खायला नसतं, तरी ती केस नीट बसवून, लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून बाहेर पडते. शेजारणींना तो माज वाटतो. मला तो तिचा शेवटचा धागा वाटला. स्टुअर्टची स्वतःची आई दारूनं गेली, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढे न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या डिझाइनचं काम करत त्यानं हे पुस्तक दहा वर्षं लिहिलं आणि तीसहून जास्त प्रकाशकांचा नकार पचवला. इतकी वर्षं तो त्या आईजवळ बसून राहिला. तिचा एकही घोट त्यानं लपवला नाही आणि तिला एकदाही कचऱ्यात टाकलं नाही. मी माझ्या बाबांबद्दल चार ओळीसुद्धा अशा लिहू शकलेले नाही.

५. सगळ्यात जड भाग चांगल्या दिवसांचा असतो. मारहाण, भूक, ओकारी हे सगळं मी वाचून काढलं. अडकले ती अ‍ॅग्नेस सोडते तिथे. ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जाऊ लागते, पेट्रोलपंपावर रात्रपाळी करते, वर्ष पार पडतं. शुगी हळूहळू मूल व्हायला लागतो. तिच्यावर जीव लावणारा टॅक्सीवाला यूजीनही भला माणूस आहे. फक्त त्याला चारचौघांसारखी बाई हवी असते. म्हणून तो आग्रह करतो, एकच घे.

तिथे मी पुस्तक तीन रात्री उघडलं नाही.

बाबांनीही एकदा सात महिने सोडली होती. त्या सात महिन्यांत त्यांनी मला कॅरम शिकवला, स्वतः बसून माझ्या वह्यांना कव्हरं घातली, आणि संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की आई कान टवकारेनाशी झाली. मग नात्यातल्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, कुणीतरी मायेनंच त्यांच्या हातात ग्लास दिला. आजच्यापुरतं, म्हणाले. देणारा वाईट नव्हता. चाळीस वर्षं मी बाबांना दोष देत आले. तो ग्लास पुढे करणारा हात मला यूजीननं दाखवला. व्यसनमुक्तीच्या कामात मुरलेली माणसं घरच्यांनाही बोलावून शिकवतात, ते का, हे मला या प्रकरणानंतर खऱ्या अर्थानं उमगलं.

६. थोरल्या भावंडांची पानं परत वाचावीत. शुगीची बहीण कॅथरीन लग्न करून दक्षिण आफ्रिकेला निघून जाते. मला तिचा राग आला. लीक हा मधला भाऊ सुरेख चित्रं काढतो, कलाशाळेत मिळालेल्या प्रवेशाचं पत्र जपून ठेवतो आणि घरासाठी मागे राहतो. धाकट्याला इतर मुलं छळतात, म्हणून ‘मुलासारखं’ चालायचं कसं, ते तो त्याला शिकवतो. आई काही सुधारणार नाही, तू वेळीच सुटून जा, हेही तोच सांगतो. पहिल्या वाचनात मला हे निर्दय वाटलं. दुसऱ्यांदा त्याचं वय मोजलं, तर तोही पोरच होता.

माझा दादा अठराव्या वर्षी सुरतेला मागावर कामाला गेला आणि तीन वर्षं आला नाही. मी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. पुस्तक संपलं त्या रात्री फोन केला.

“जाताना मला सांगितलं का नाहीस?”

तो बराच वेळ गप्प होता.

“तू झोपली होतीस,” तो म्हणाला. “उठवलं असतं, तर गेलोच नसतो.”