जोड आधी बघ

चि. भाच्यास,


निपाणीत हायवेकडच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात तू काम शिकायला लागलास, हे ऐकून बरं वाटलं. हंगामही तोंडावर आलाय. हालसिद्धनाथ आणि हिरण्यकेशी कारखान्यांचे पट्टे फिरायला लागले की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसरात्र रस्त्यावर असतील आणि त्यांतल्या निम्म्यांचे मागचे दिवे धड लागत नसतील. दुकानात तुला आधी भाग ओळखायला शिकवतील: हा रिले, हा फ्लॅशर, हा सेल्फचा सोलेनॉइड. ते शिकच. पण माझं म्हणणं असं आहे, की वायरिंगचा बिघाड बहुतेक वेळा भागात नसतो, दोन भागांमधल्या जोडात असतो. आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, प्रवाह वाहत असतानाच मीटरवर दिसतो. हे मनावर घेतलंस तर गिऱ्हाईकाचे पैसे वाचतील आणि तुझा हातही लवकर बसेल.

जोडच का, ते बघ. तांब्याची तार कारखान्यातून येते ती अखंड आणि वरून आवरण चढवलेली. तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पण कपलर, थिंबल, बॅटरीचा टर्मिनल, बॉडी अर्थचा बोल्ट या ठिकाणी दोन धातू नुसते एकमेकांना टेकलेले असतात. त्यांच्यामध्ये हवा शिरते, पाणी शिरतं, गंज आणि ऑक्साइड धरतं. आपल्याकडची गाडी तवंदीचा घाट चढून जाते, आठवड्यातून एकदा संकेश्वर-आजऱ्यावरून आंबोलीच्या पावसात उतरते, नाहीतर खानापूर-चोर्ल्याच्या चिखलातून गोव्याला जाते. उरलेले दिवस चिकोडीकडच्या काळ्या मातीच्या पाणंदीत हादरे खाते. टेकलेला जोड सैल व्हायला आणखी काय पाहिजे? आता हिशेब कर. व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले रेझिस्टन्स, हा ओहमनं 1827 मध्ये मांडलेला नियम तू शाळेत पाठ केलास. सेल्फ फिरताना दीडशे अँपिअर सहज ओढतो. टर्मिनलवर ओहमचा फक्त शंभरावा भाग रेझिस्टन्स असला, तरी दीड व्होल्ट तिथंच जातो आणि सव्वादोनशे वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. मग सेल्फ रडत फिरतो, मालक म्हणतो बॅटरी गेली, आणि दुकानदार नवी बॅटरी विकतो. नवी बॅटरी बसवताना टर्मिनल घासून आवळले जातात, म्हणून गाडी सुरूही होते! दोष बॅटरीचाच होता असा सगळ्यांचा समज होतो आणि चूक पक्की होऊन बसते. हेडलाइटचंही तसंच. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड दहा नव्हे, जवळपास तीस टक्के घटतो. गिऱ्हाईक उजेड कमी म्हणून शंभर वॅटचा बल्ब मागतं. प्रवाह दुपटीच्या जवळ जातो, खराब जोडावर वाया जाणारे व्होल्ट त्याच प्रमाणात वाढतात, उष्णता तर चौपटीकडे जाते, आणि महिन्याभरात होल्डर वितळून हातात येतो.

मग मीटर लावूनही हे सापडत का नाही? कारण बहुतेक जण मीटर चुकीच्या वेळी लावतात. कपलर काढून तारेच्या टोकाला मीटर धरला, बारा व्होल्ट दिसले, ‘सप्लाय आहे’ म्हणून मोकळे झाले. वेदगंगेवरून उसाला पाणी आणणारी पाइपलाइन गाळानं बुजलेली असली, तरी शेवटचा व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर दाब पुरा दिसतो. व्हॉल्व्ह उघडल्यावरच पाणी करंगळीएवढं येतं. तारेतल्या सगळ्या बट्या तुटून एकच शिल्लक असली, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवेल आणि बीपही देईल, कारण मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. म्हणून कपलर जागेवर ठेव, दिवा लाव किंवा सेल्फ मार, आणि चालू स्थितीत व्होल्ट कुठं हरवतात ते शोध. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरी सेल्फच्या बोल्टवर. सेल्फ फिरताना जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत गेले. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट ठीक. मग तसंच मायनसच्या खुंटीपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत. दिव्याच्या अर्थला पाव व्होल्टसुद्धा जास्त समज. आकडा मोठा आला तर एक पिन पुढं सरकवत ये. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तो जोड दोषी. मात्र तपासताना तारेच्या आवरणात सुई खुपसू नकोस. त्या भोकातून पाणी शिरतं, बट्यांच्या मधून केशाकर्षणानं हातभर आत चढतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तार आतून हिरवी होऊन मरते. कपलरच्या मागच्या बाजूनं पिन सरकवायची.

ट्रॉलीचं वेगळं सांगतो, कारण हंगामात तुझ्यापुढं तेच येणार. ट्रॉलीला बऱ्याचदा प्लसच्या तेवढ्या तारा नेलेल्या असतात. मायनस परत येतो तो ट्रॉलीच्या दांड्यातून, हुकाच्या पिनेवरून, ट्रॅक्टरच्या चॅसीत. ती पिन ग्रीस आणि गंजानं माखलेली, वर खड्ड्यागणिक उडणारी. ऊस भरलेला असताना वजनानं ती दाबून बसते आणि दिवे लागतात. रिकामी ट्रॉली परतताना दिवे मिणमिणतात. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टरचा इंडिकेटर मंद पेटतो, असं ड्रायव्हर सांगेल, तेव्हा हसू नकोस. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या प्रवाहाला पिनेवरून परतायची वाट मिळत नाही, म्हणून तो ट्रॉलीच्या बंद इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि ट्रॅक्टरच्या इंडिकेटरमधून अर्थ गाठतो. इथं फ्लॅशर बदलून काही होणार नाही. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या शेवटच्या दिव्यापर्यंत मायनसची स्वतंत्र तार ओढायची, एवढाच उपाय. तीही पुरेशी जाड. दहा मीटर जाऊन दहा मीटर परत यायचं, तर एक चौरस मिलिमीटरची तार एकूण सुमारे पस्तीस शतांश ओहमची होते. एकवीस वॅटचे दोन ब्रेक दिवे साडेतीन अँपिअर घेतात, म्हणजे सव्वा व्होल्ट नुसत्या तारेत गेला. अडीचची तार घातली तर अर्धा व्होल्ट. तारेचे पैसे वाचवायला गेलास तर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॉली अंधारात दिसायची नाही.

यावर दुकानातले जुने हात तुला म्हणतील, ‘भाग पण जातात की रे.’ जातात. कार्बन झिजतात, बल्ब उडतात, रिलेचे पॉइंट जळतात. पण जोड तपासायला दोन मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. भाग बदलून बघायला पैसे लागतात, आणि बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रिकचा भाग परत घेत नाहीत. स्वस्त तपासणी आधी करावी, एवढंच मी म्हणतो. दुसरा आक्षेप वेळेचा: गाडी कारखान्याच्या रांगेत लागायची आहे, ड्रायव्हर म्हणतो आत्ता दिवा पेटव. हा आक्षेप खरा आहे आणि ड्रायव्हरचंही चुकत नाही. त्याची खेप बुडते. अशा वेळी तात्पुरता जोड करून दे, पण तात्पुरता आहे असं त्याला तोंडावर सांग आणि रिकाम्या खेपेला बोलाव. शिवाय तुझं दुकान सरहद्दीवर, हायवेला. आज आलेली एमएच-09 रात्री बेंगळुरूकडे असेल, केए-23 पुण्याकडे. तू केलेला जोड दावणगेऱ्यात सुटला तर तो बघायला तू तिथं नसशील. तिसरा आक्षेप नव्या पोरांचा: आता स्कॅनर आहे, मीटर कशाला? 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर गाड्यांत सेन्सर आणखी वाढले, हे खरं. पण स्कॅनर सांगतो की अमुक सेन्सरचा व्होल्ट कमी येतोय. सेन्सर खराब आहे, की त्याच्या कपलरची पिन हिरवी पडलीय, हे तो सांगत नाही. उलट पाच व्होल्टच्या सर्किटमध्ये दशांश व्होल्टाच्या चुकीनंही इंजिन भरकटतं, म्हणजे जोडाचं महत्त्व वाढलंच. तिथं बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र लावायचा नाही. त्याचा प्रवाह इंजिनच्या कंट्रोल युनिटला सोसत नाही. मीटरच.

आता जोड करायचा कसा. पिळा मारून टेप गुंडाळणं म्हणजे जोड नव्हे. इंजिनजवळच्या उष्णतेत टेपचा डिंक पातळ होतो आणि टेप सुटते. डाग दिला की पक्कं, असंही पुष्कळ जण मानतात. डागानं प्रवाह चांगला जातो, त्यात वाद नाही. पण वितळलेलं सोल्डर बट्यांमधून आवरणाखाली चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि तो जिथं संपतो तिथं हादऱ्यानं तार तुटते. म्हणून हलत्या यंत्रात थिंबल दाबून बसवण्याची रीत आली. अमेरिकेत 1941 साली एएमपी ही कंपनी निघाली तीच विमानांसाठी असे बिनडागाचे जोड बनवायला. दाब पुरेसा असला तर बट्या आणि थिंबल यांच्यात हवा शिरायला जागाच उरत नाही. पकडीनं चेपलेली थिंबल मात्र या हिशेबात धरू नकोस. तारेच्या मापाची थिंबल, मापाचा जबडा, बट्या न तोडता सोललेलं आवरण, आणि दाबल्यावर हातानं ओढून बघणं. आधी डाग देऊन मग दाबू नकोस. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड सैल होतो. वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह. अर्थच्या बोल्टखालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडायचा, आवळायचा, आणि व्हॅसलिन नंतर फासायचं.

फ्यूजच्या जागी तारेची बटी लावून देणारे भेटतील. फ्यूज तारेला वाचवतो, दिव्याला नव्हे. तो नसला की तार तापते, आणि पेट घ्यायला ट्रॉलीत वाळलेलं पाचट असतं आणि टेम्पोत तंबाखू. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तार कुठं घासतेय ते शोधल्याशिवाय गाडी सोडू नकोस, मालक कितीही ओरडला तरी.

पहिल्या पगारातून एक बरा मीटर घे, आणि पुरा दाब बसल्याशिवाय न सुटणारं रॅचेटचं क्रिम्पिंग प्लायर. प्लायर निपाणीत मिळालं नाही तर बेळगावात उद्यमबागेकडं चौकशी कर. स्कॅनर मालकाचा आहेच. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा